तांदळात कोणते नाव लिहावे?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : माझा मुलगा सात वर्षांपासून स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे नोकरीला आहे. तेथील एका मुलीशी त्याने लग्न ठरवले आहे. मुलीचा जन्म १९८९ सालचा, पुण्याचा. चौदा महिन्यांची असताना एका संस्थेतून तिला स्वीडिश दांपत्याने दत्तक घेतले. रंगरूपाने ती अगदी आपल्यातली दिसते, पण मराठीचा एक शब्द तिला येत नाही. नातेवाईक जात विचारतात. मी सांगते, ‘मुलगी मूळची आपल्याकडचीच आहे, शेवटी रक्त आपलेच.’ हेच वाक्य मी व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोर कौतुकाने बोलले, तेव्हा ती एकदम गप्प झाली आणि त्यानंतर दोन आठवडे कॉलवर आली नाही. संस्थेच्या कागदांवर तिचे नाव शुभांगी आहे, म्हणून मी तिला त्याच नावाने हाक मारते. डिसेंबरमध्ये ती आईवडिलांसह पहिल्यांदाच पुण्याला येणार आहे. माझ्या भावाच्या बऱ्याच ओळखी आहेत. तिच्या जन्मदात्या आईचा शोध लावून लग्नाआधी तिला आनंदाचा धक्का द्यावा, असे त्याच्या मनात आहे. कन्यादानाला तिचे स्वीडिश आईवडील बसले तर विचित्र दिसेल, म्हणून भाऊ-भावजय बसायला तयार आहेत. अशा मुलांच्या मनावर परिणाम झालेला असतो, असेही वाचनात आले आणि काळजी वाटू लागली. माझे काही चुकते आहे का? – एक आई, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली माया ओळीओळीत दिसते, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता आधीच देते. होय, काही चुकते आहे, आणि ते घाईमुळे चुकते आहे. लीनाला (मुलीची दोन्ही नावे मी येथे बदलली आहेत) आपल्यात ओढून घेण्याची तुम्हाला इतकी गडबड झाली आहे, की ती ज्या घरातून येते आहे ते घर त्या गडबडीत पुसले जाते आहे. ‘रक्त आपलेच’ हे वाक्य तुम्ही कौतुकाने बोललात, यात मला शंका नाही. परंतु ज्या मुलीला जन्मापासून आजपर्यंत रक्ताच्या एकाही माणसाचा चेहरा पाहायला मिळालेला नाही, तिच्या कानांवर ते कसे पडले असेल, याचा थोडा विचार करा. तापात तिच्या उशाशी बसलेली, तिला सायकल शिकवणारी, दहावीच्या वयात तिने दार आपटले म्हणून स्वयंपाकघरात एकटीच रडलेली बाई तिची आई आहे. आणि तुमच्या वाक्यात त्या बाईला जागाच नाही. एका वाक्यात तुम्ही तिची पस्तीस वर्षे मधल्या मुक्कामासारखी करून टाकलीत, जणू मुलगी पाहुणी म्हणून गेली होती आणि आता घरी परत येते आहे.

ती परत येत नसून पहिल्यांदाच येते आहे, इतर कोणत्याही घरातली सून येते तशी, आपले माहेर पाठीशी घेऊन. एवढे एक मनाशी पक्के केलेत, तर पत्रातले बाकीचे बहुतेक प्रश्न निम्मे सुटतील.

लीनाचे गप्प होणे समजायचे असेल तर तिचे बालपण कसे गेले असेल, याची थोडी कल्पना करायला हवी. जेमतेम एक कोटी वस्तीच्या स्वीडनमध्ये गेल्या सत्तर वर्षांत परदेशांतून सुमारे साठ हजार मुले दत्तक आली. लोकसंख्येच्या मानाने इतके मोठे प्रमाण जगात फार थोड्या देशांत आढळेल. दक्षिण कोरिया, भारत, कोलंबिया, श्रीलंका, चीन अशा देशांतली ही मुले गोऱ्या आईबापांच्या घरांत, पुष्कळदा लहान गावांत वाढली, जिथे शाळेत त्यांच्यासारखे दिसणारे दुसरे कोणीही नसे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत या पालकांना सल्ला असा मिळे की, रंगाकडे लक्षच देऊ नका, पोटच्या मुलासारखे वाढवा, प्रेमापुढे बाकी सगळे गौण आहे. सल्ला देणारे चांगल्या मनाचे होते आणि ऐकणारेही. पण घरात ज्या गोष्टीला नाव नसते ती गोष्ट बाहेर मुलाला एकट्यानेच सोसावी लागते.

पुण्याला आपले मूळ शोधायला येणाऱ्या अशा तरुण-तरुणींशी मी वीस-बावीस वर्षे बोलत आले आहे. देश वेगळे, स्वभाव वेगळे, तरी काही गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकल्या. स्वतःचे चित्र काढताना चेहऱ्याला गुलाबी खडू वापरला, कारण घरातल्या सगळ्यांचा चेहरा त्याच खडूने रंगवला जात असे. केसांची निगा कशी राखायची हे आईला ठाऊक नव्हते, म्हणून ते आखूड कापले गेले. वर्गातल्या कोणीतरी ‘तुझी खरी आई कुठे आहे?’ असे विचारले आणि घरी जाऊन ते कोणालाच सांगितले नाही. आईवडील बरोबर असले की दुकानात ती त्या घरची मुलगी असे. सोळाव्या वर्षी एकटी ट्राममध्ये चढली की तीच मुलगी परकी ठरे, आणि कोणीतरी तिला ‘तुझ्या देशात परत जा’ असे ऐकवी. घरी येऊन हे सांगितले तर आईवडील म्हणत, ‘अगं, तुला तसे वाटले असेल.’ ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्याकडे आयुष्यात कोणी तशा नजरेने पाहिलेच नव्हते, त्यामुळे मुलगी काय सांगते आहे हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हते. अशा दोन-चार प्रसंगांनंतर मूल सांगणे बंद करते, आणि सांगणे बंद केले म्हणजे सगळे ठीक आहे असे घर समजते.

आता भारतातली बाजू पाहा. विमानतळावरचा अधिकारी स्वीडिश पारपत्र उलटसुलट पाहतो आणि तिच्याशी हिंदीत बोलू लागतो. रिक्षावाला चिडतो, की मॅडम मुद्दाम इंग्रजी फाडताहेत. ओळखीची भारतीय मंडळी हसत म्हणतात, ‘अरेरे, मराठी अजिबात येत नाही?’ आणि त्या ‘अरेरे’मध्ये तिने काहीतरी गमावले, टाकून दिले असा आरोप असतो. तिकडे चेहऱ्यामुळे परकी आणि इकडे जिभेमुळे परकी, असे दोन्हीकडून तिला ऐकावे लागते. तुमच्या कौतुकाच्या वाक्यातही तिला पुन्हा एकदा चेहऱ्यावरूनच मोजले गेल्यासारखे वाटले असेल, तर त्यात तिचा दोष नाही.

येथे मला माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगायला हवे, कारण त्याशिवाय तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

१९८६ साली मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका बालसंगोपन संस्थेत समाजसेविका म्हणून नुकतीच लागले होते. तीन वर्षांची एक मुलगी स्टॉकहोमजवळच्या एका दांपत्याकडे जायची होती. तिला मराठीच येत होते. तिच्याबरोबर देण्यासाठी मी वहीच्या एका पानावर शब्दांची यादी केली : पाणी, भूक, शू, दुखतंय, झोप, नको, पुरे, समोर रोमन लिपीत उच्चार आणि इंग्रजी अर्थ. मला त्या यादीचा अभिमान वाटला होता. त्या दांपत्याने पत्रातून विचारले होते, की मुलगी इथल्या कोणाची आठवण काढून रडली तर काय करावे? मी उत्तर लिहिले, ‘लहान आहे, महिन्याभरात विसरेल.’ तिला रोज कडेवर घेऊन अंगणात फिरवणाऱ्या मावशी त्या वेळी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून मी काय लिहिले हे त्यांना कळले नाही. कळले असते तर त्यांनी ते पत्र मला पाठवू दिले नसते.

पंचवीस वर्षांनी ती मुलगी पुण्याला आली. ते वहीचे पान तिच्या आईने प्लॅस्टिकमध्ये बसवून जपून ठेवले होते; शाई फिकी झाली होती, पण अक्षर माझेच होते. सगळे मराठी ती विसरली होती, एक शब्द सोडून. तो शब्द होता ‘नको’. पहिले चार-पाच महिने रात्री दिवा मालवला की ती तेवढे एकच म्हणत असे, आणि तिची आई यादीत पाहून दिवा पुन्हा लावत असे. मावशी तोवर वारल्या होत्या. त्यांचा फोटो संस्थेत नव्हता, कारण त्यांचा फोटो काढून ठेवावा असे आम्हाला कधी सुचलेच नव्हते. मुलीने मला दोष दिला नाही, पण तिच्यासमोर बसून मला जे वाटले ते मी अजून विसरलेले नाही. मूल विसरते ही आम्हा मोठ्यांची सोय होती.

आता तुमच्या भावाच्या बेताविषयी. तो बेत आजच थांबवा. मी हे जितक्या कळकळीने सांगता येईल तितक्या कळकळीने सांगते आहे.

१९८९ साली पुण्यात जी बाई आपले मूल संस्थेत ठेवून गेली असेल ती आज साठीच्या आसपास असेल, कदाचित पन्नाशीतच असेल. बहुधा तिचे पुढे लग्न झाले असेल, मुले आणि नातवंडे असतील, आणि त्या घरात ही गोष्ट कोणालाही ठाऊक नसेल. एका तालुक्याच्या गावी असाच एक ओळखीतून लावलेला ‘शोध’ कसा संपला, हे मला माहीत आहे. दुपारच्या वेळी दारात जीप थांबली, अनोळखी माणसे उतरली, सुनांच्या देखत नाव विचारले गेले. आणि ती बाई उंबऱ्यात उभी राहून ‘मी ती नव्हे’ असे म्हणत राहिली. ती तीच होती. ज्या मुलासाठी हे सगळे चालले होते तो परदेशात फोनपाशी बसून होता, आणि आपल्या आईने आपल्याला दुसऱ्यांदा नाकारले, एवढेच त्याच्या पदरात पडले. कोणी नीट विचारून, एकांतात, वेळ देऊन तिच्यापर्यंत पोहोचले असते तर कदाचित ती भेटली असती. आता ते कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

नियमही याच कारणासाठी आहेत. भारतात आज दत्तकविधानाचे काम बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि त्याखालील २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार चालते. मूळ शोधण्याचा हक्क दत्तक गेलेल्या व्यक्तीचा आहे. अठरा वर्षांनंतर ती स्वतः अर्ज करू शकते. मूल सोपवताना आईने आपली ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केलेली असेल तर आधी तिची संमती घ्यावी लागते, आणि ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तरी मूल कोणत्या परिस्थितीत सोपवले गेले हे अर्जदाराला सांगितले जाते. मुलाच्या हक्काने जन्मदात्या आईच्या खासगीपणाला धक्का लागू नये, हे तत्त्व नियमावलीत स्पष्ट आहे. तुमचे बंधू या चित्रात कुठेच येत नाहीत. लीनाला हवे असेल, आणि हवे तेव्हाच, तिने दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात त्याच्याकडे, अर्ज करावा. स्वीडनमध्येही परदेशी दत्तकविधानाचे काम पाहणारे सरकारी प्राधिकरण आहे, ते मार्ग सांगते. तिच्या गावच्या नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यातही तिच्या आईवडिलांच्या चौकशीचे कागद असण्याचा संभव आहे.

आणखी एक दुवा तिला ठाऊक असेलच असे नाही. त्या काळी परदेशी दांपत्याला आपल्या कायद्याने येथे थेट दत्तक घेता येत नसे. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयातून पालकत्व घ्यायचे आणि दत्तकविधान त्यांनी त्यांच्या देशात पूर्ण करायचे, अशी रीत होती. लक्ष्मीकांत पांडे यांच्या खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्याला शिस्त लावली आणि आधी भारतातच घर शोधावे, मग परदेशात, असा क्रम घालून दिला. म्हणजे लीनाच्या पालकत्वाचा अर्ज पुण्याच्या न्यायालयात झालेला असू शकतो आणि संस्थेत जे सापडत नाही ते त्या अर्जाबरोबरच्या कागदांत सापडू शकते. डिसेंबरमध्ये तिने मदत मागितली तर भाषेची, वाहनाची, रांगेत उभे राहण्याची मदत करा. फाइल मात्र तिच्या हातात असू द्या, आणि ती उघडताना खोलीत कोण असावे हे तिला ठरवू द्या.

त्या फाइलमध्ये काय असेल याची तयारी तिच्यापेक्षा तुम्हीच आधी करा. पुष्कळदा फारसे काही नसते. जन्मतारीख डॉक्टरांनी दात आणि वजन पाहून अंदाजाने घातलेली असते, वडिलांच्या नावापुढे रेघ असते. कधी आईचे नाव असते पण ते खोटे असते, कारण त्या काळी अविवाहित मुलगी बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावाने येत असे. आणि शुभांगी हे नाव आईने ठेवलेले नसून, त्या आठवड्यात ड्यूटीवर असलेल्या एखाद्या परिचारिकेला आवडले म्हणून ठेवलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. मी स्वतः अशी कितीतरी नावे ठेवली आहेत, एका पावसाळ्यात तर ओळीने तिघींची नावे नद्यांवरून ठेवली. म्हणून तिला शुभांगी म्हणण्यापूर्वी तिला विचारा. काहींना ते जुने नाव जवळचे वाटते, काहींना कागदावरच्या शिक्क्यासारखे वाटते, आणि काहींना त्याबद्दल काय वाटते हे पुण्यात येईपर्यंत ठाऊकच नसते. तोवर ती लीनाच आहे. तिच्या आईवडिलांनी हाक मारली ती या नावाने.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी ती तुमच्याशी आपण होऊन बोलणार नाही. स्वीडन सरकारने २०२१ साली नेमलेल्या चौकशीचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. परदेशी दत्तकविधानांत कित्येक दशके गैरप्रकार होत राहिले, मुलांच्या उगमाविषयीचे कागद चुकीचे किंवा अपुरे निघाले, असे त्यात नोंदवले आहे, आणि परदेशातून मुले दत्तक आणणे बंद करावे, अशी शिफारस केली आहे. नेदरलँड्समध्ये असाच अहवाल २०२१ च्या फेब्रुवारीत आला होता. म्हणजे आज लीनाच्या पिढीतले प्रत्येक जण वर्तमानपत्र उघडून स्वतःला विचारत आहे, की माझा कागद खरा का? माझ्या आईने मला खरोखर सोपवले होते का? आणि तिचे आईवडील सत्तरीच्या वयात स्वतःला विचारत असतील, की आपण नकळत कशात सामील झालो होतो का? असे कुटुंब डिसेंबरात तुमच्या दारात उभे राहणार आहे. ‘गरीब बिचारीचे नशीब उघडले’, ‘किती पुण्याचे काम केले हो तुम्ही’ असली वाक्ये तुमच्या घरातल्या कोणाच्या तोंडून निघणार नाहीत, याची काळजी तुम्ही घ्यायला हवी. उपकाराच्या भाषेत वाढलेले मूल आयुष्यभर कृतज्ञ राहण्याच्या दडपणाखाली असते आणि त्याला दुःख करायलाही जागा उरत नाही.

मनावरच्या परिणामाचे तुम्ही विचारलेत, तर तेही झाकत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ साली स्वीडनमधल्याच परदेशी दत्तक मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्या आणि तिचे प्रयत्न यांचे प्रमाण या मुलांत तेथे जन्मलेल्या इतर मुलांच्या तीन ते चार पट आढळले. ते वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. त्याच अभ्यासातली बहुसंख्य मुले व्यवस्थित वाढलेली होती, हेही तितकेच खरे आहे. या आकड्यांवरून लीनाविषयी तुम्हाला काहीच कळणार नाही, आणि ‘संसार टिकेल ना’ या प्रश्नाचे उत्तर तर मुळीच मिळणार नाही. ते तुमच्या मुलाला आणि तिला मिळून द्यायचे आहे. आकड्यांतून घ्यायचे ते इतकेच, की ती कधी विनाकारण वाटावी इतकी दुरावली, निरोपाच्या वेळी कठोर झाली किंवा डॉक्टरांनी ‘घरात कोणाला मधुमेह?’ असे विचारल्यावर उठून गेली, तर त्याला उद्धटपणा समजू नका.

नातेवाइकांच्या प्रश्नाला मी फार जागा देणार नाही. मुलगी कोणाची, असे विचारले की गोथेनबर्गच्या अमुक दांपत्याची म्हणून सांगावे. आईवडील काय करतात, हे त्यापुढे सांगावे. जात विचारली तर ‘माहीत नाही’ म्हणावे, कारण तेच खरे आहे. ‘आपल्याकडचीच’ म्हणून तुम्ही जे सुचवता, त्यातून नातेवाईक आपापल्या सोयीची जात तिला लावून मोकळे होतात, आणि उद्या कागदांतून दुसरे काही निघाले तर तीच माणसे तोंडे फिरवतील. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. यशवंताला मुलगी मिळणे सोपे नव्हते. १८८९ मध्ये ग्यानोबा ससाणे यांनी आपली राधा त्याला दिली. ज्या शहरात हे घडले त्याच शहरातून लीना गेली आहे. तिच्या जातीची चौकशी करणाऱ्या आप्तांना हे एकदा शांतपणे ऐकवायला हरकत नाही. गुरुजींनी गोत्र विचारले तर तेच काश्यप गोत्र सुचवतील, तशी जुनी वहिवाट आहे. त्यावर चर्चा वाढवू नका.

कन्यादानाबाबत माझे मत स्पष्ट आहे : ते वगळावे. जिला एकदा कागदावर सही करून एका हातातून दुसऱ्या हातात दिले गेले, तिचे पुन्हा मंत्रांनी दान करू नये. तिच्या आईवडिलांनाही दानाची कल्पना समजावताना तुमच्या मुलाची त्रेधा उडेल. स्वीडनमध्ये वधूवर जोडीने चालत येतात, ही तेथली रूढ पद्धत आहे. परंतु वगळायचे ते दान वगळा, आईवडील वगळू नका. सीमांतपूजनाला, विहिणीच्या पंगतीला, पाठवणीला तिची आई तिची आई म्हणूनच बसेल. त्यांना पाहून मांडवात कुजबुज झाली तर होऊ द्या. त्या दोघांनी लीनाला कडेवर घेऊन किराणा दुकानात जाताना लोकांच्या वळलेल्या माना पस्तीस वर्षे पाहिल्या आहेत. मांडवातल्या चार माना त्यांना नव्या नाहीत. तुमच्या मांडवात मात्र यजमानीण म्हणून तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसा, म्हणजे पाहणाऱ्यांना जे समजायचे ते समजेल.

तुमचे बंधू मामा म्हणून मुलीच्या मागे उभे राहायला तयार असतील, तर तेही आधी विचारा. स्वीडिश भाषेत आपल्यासारखेच मामाला आणि काकाला वेगवेगळे शब्द आहेत. मामाला ते ‘मूरब्रूर’ म्हणतात, म्हणजे सरळ आईचा भाऊ, आणि आईच्या आईला ‘मूरमूर’. लीनाला मूरब्रूर असेल आणि तो येणार असेल, तर अंतरपाटापाशी तिच्यामागे उभे राहण्याचा मान त्याचा. तुमच्या बंधूंना मी नाराज करते आहे, याची जाणीव आहे. त्यांचा उत्साह खरा आहे; त्यांना त्या मूरब्रूरला फेटा बांधायचे आणि कुठे उभे राहायचे हे दाखवायचे काम द्या.

डिसेंबरच्या आधी एक पत्र मात्र तुम्हाला लिहायचे आहे, आणि ते लीनाच्या आईला. इंग्रजीत मुलगा मदत करील. त्यात मुळांविषयी, पुण्याविषयी काही नको. लीना लहानपणी काय आवडीने खायची, तिला कशाची भीती वाटायची, ती पहिल्यांदा त्यांच्या घरी आली त्या रात्री झोपली होती का, एवढे विचारा. विहीण विहिणीला विचारते तसे. आणि लीनाला दोन ओळींत लिहा, की ‘मी त्या दिवशी बोलले ते चुकले, तुझ्या आईशी मला ओळख करून घ्यायची आहे.’ ती लगेच उत्तर देईल असे नाही. वाट पाहा.

राहता राहिले नाव. लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहिण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, आणि तिथे शुभांगी लिहावे असे तुमच्या मनात येऊन गेले असेल, असा माझा अंदाज आहे. या मुलीचे नाव तिला न विचारता एकदा बदलून झालेले आहे. ताट जरूर मांडा, पण अंगठी मुलाच्या हाती न देता तिच्याच हाती द्या. देवनागरीत तिने आपले नाव कधी लिहिलेले नसेल. दोनच अक्षरे आहेत, आदल्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीठ पसरून तिला गिरवून दाखवा. मग ताटात ती जे लिहील, त्या नावाने तिला घरात हाक मारा.